एलटीओ-९ टेप ड्राइव्ह घ्यायचाय: सॅस की फायबर चॅनल?

रॅकमागचा_गुंता

बॅकअप सर्व्हर एकच आहे. फिजिकल, २यू (रॅकमधल्या दोन खणांच्या उंचीचा), त्यावर लिनक्स. आत १२ डिस्कचा रेड-६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकवणारी जोडणी). आठवड्याचा फुल बॅकअप साधारण २२ टीबी, रोजचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेला डेटा) दीड टीबी. डिस्कवर पडलेली ही प्रत टेपवर उतरवून दुसऱ्या इमारतीत ठेवायची आहे. फुलसाठी शनिवारी संध्याकाळी ६ ते सोमवारी सकाळी ६ एवढा वेळ मिळतो.

कोटेशनं दोन आली आहेत. एकात हाफ-हाइट (अर्ध्या उंचीचा) एलटीओ-९, म्हणजे एलटीओ टेपच्या नवव्या पिढीचा, सॅस (ड्राइव्ह केबलने थेट सर्व्हरला जोडायची पद्धत). दुसऱ्यात तोच ड्राइव्ह फायबर चॅनलचा (एफसी, साठवणुकीसाठीचं वेगळं नेटवर्क), सोबत एचबीए (सर्व्हरमध्ये बसणारं जोडणीचं कार्ड), एसएफपी (फायबर केबल लावायचं मॉड्यूल) आणि एक छोटा एफसी स्विच. दुसरं बरंच महाग. विक्रेता म्हणतो, 'एफसी फास्ट आहे, पुढे उपयोगी पडेल.'

शंका अशा:
१. वेगात खरंच फरक पडतो का?
२. सर्व्हरच्या रेड कार्डाला बाहेरचा एक पोर्ट मोकळा आहे. सॅस ड्राइव्ह सरळ त्यालाच लावला तर?
३. ड्राइव्ह दुसऱ्या मजल्यावरच्या स्टोअररूममध्ये ठेवा असं वरून सांगणं आहे. केबल ४० मीटर लागेल.
४. बॅकअप सर्व्हर पुढेमागे व्हर्च्युअल करायचा विचार चालू आहे. टेप चालेल का?
५. एलटीओ-४ च्या ६० जुन्या टेप आहेत, त्यांचा ड्राइव्ह अल्ट्रा-३२० स्कझीचा (सॅसच्या आधीची जुनी जोडणी). तो अजून चालतो, पण ज्या सर्व्हरला लावलाय तो आता शेवटच्या घटका मोजतोय.

---

उलटीगिनती

पहिल्या शंकेचं उत्तर आकड्यांत देतो.

हाफ-हाइट एलटीओ-९ चा मूळ वेग ३०० एमबी प्रतिसेकंद, फुल-हाइटचा ४००. हा वेग हेड आणि टेप यांचा आहे. मागे कुठली केबल लावली यावर तो अवलंबून नाही. आता केबल बघा. १२ गिगाबिट सॅसची एक लेन (केबलमधला एक मार्ग) साधारण १२०० एमबी देते, ६ गिगाबिटची ६००. एलटीओ-९ च्या एफसी ड्राइव्हला पोर्ट ८ गिगाबिटचा असतो, म्हणजे सुमारे ८००. तुमच्या कोटेशनमध्ये 'फास्ट' म्हणून विकला जाणारा रस्ताच खरं तर अरुंद आहे. अर्थात ३०० च्या ड्राइव्हला दोन्ही भरपूर झाले.

इंटरफेस आडवा येतो तो कॉम्प्रेशनमध्ये. कंपन्या २.५:१ धरतात. त्या हिशोबाने फुल-हाइट ड्राइव्ह सेकंदाला १००० एमबी आत ओढू शकतो आणि तिथे ६ गिगाबिटचं सॅस कमी पडतं. पण तुमचा डेटा बॅकअप सॉफ्टवेअरने आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला असेल, तर ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनला त्यातून काहीही पिळता येणार नाही. हिशोब १:१ नेच करा.

२२ टीबी भागिले ३०० एमबी: ७३ हजार सेकंदांच्या आसपास, म्हणजे साडेवीस तास. टेप दोन लागतील, कारण एका टेपवर १८ टीबी मावतात. पहिली भरायला १६ तास ४० मिनिटं. म्हणजे रविवारी सकाळी अकराच्या सुमारास टेप बदलायला माणूस हवा, नाहीतर ऑटोलोडर (टेप आपोआप बदलणारं यंत्र) हवा. कोटेशनमध्ये स्विचवर जे पैसे चाललेत ते ऑटोलोडरवर घाला असं माझं स्पष्ट मत.

आता खरी अडचण. तो रेड-६ सलग ३०० एमबी देतो का? मोठ्या सलग फाइली वाचताना १२ डिस्क सहज देतील. पण त्याच वेळी दुसरा बॅकअप लिहिला जात असेल, किंवा डेटा डीडुप्लिकेट करून (एकसारखे तुकडे एकदाच साठवून) ठेवलेला असेल, तर वाचन विस्कळीत होतं आणि वेग शंभरच्या खाली येतो. ड्राइव्ह आपला वेग थोडा कमी करून जुळवून घेतो, पण त्यालाही तळ असतो आणि एलटीओ-९ मध्ये तो शंभर एमबीच्या बराच वर आहे. त्याखाली डेटा आला की बफर रिकामा होतो, टेप थांबते, मागे जाते, पुन्हा वेग घेते. याला शू-शायनिंग म्हणतात. वेळ तर जातोच, हेड आणि टेप दोन्ही झिजतात. याच कारणासाठी १ गिगाबिट नेटवर्कवरून थेट टेपवर लिहू नये. तिथे मिळतात जेमतेम ११०.

---

पोर्टपाल

दुसऱ्या शंकेबद्दल: रेड कार्डाला टेप लावू नका.

रेड कार्डाचं फर्मवेअर डिस्कसाठी लिहिलेलं असतं. बऱ्याच कार्डांना टेप दिसतच नाही. काहींना दिसते, पण मोठा ब्लॉक आला की कमांड तुकड्यांत मोडते किंवा टाइमआउट होते. टेपचं 'रिवाइंड' किंवा 'लोकेट' मिनिटभर चालू शकतं. डिस्कच्या सवयीचं कार्ड तेवढं थांबत नाही, डिव्हाइस मेलं असं समजून रीसेट मारतं. शिवाय ऑटोलोडर घेतलात तर त्याचा रोबो बहुतेक छोट्या लायब्ररींत ड्राइव्हच्याच पत्त्यावर लन १ (त्या पत्त्याखालचा उपक्रमांक) म्हणून दिसतो. ड्राइव्ह लन ०, रोबो लन १. कार्ड फक्त लन ० बघत असेल तर ड्राइव्ह दिसेल, रोबो नाही, आणि माणूस दोन दिवस केबल बदलत बसेल.

साधं सॅस एचबीए घ्या, बाहेरच्या पोर्टचं. ब्रॉडकॉमचं ९३००-८ई किंवा ९५००-८ई. पहिलं पीसीआय एक्सप्रेस ३.०, दुसरं ४.०, दोन्ही आठ लेनची. टेपला दोन्ही जास्तच आहेत. घेताना या गोष्टी पडताळा:

– ड्राइव्ह बनवणाऱ्याच्या सुसंगत यादीत ते कार्ड *आणि* त्याचं फर्मवेअर आहे का. दोन्ही बघा, नुसतं कार्ड नको.
– सर्व्हर २यू आहे, तेव्हा ब्रॅकेट बहुधा लो-प्रोफाइल लागेल. रायझर उघडून आधी बघा. खोक्यात दोन्ही ब्रॅकेट येतात असं गृहीत धरू नका.
– हीटसिंकवर पंखा नसतो. सर्व्हरच्या वाऱ्यावरच ते थंड राहतं. टॉवर कॅबिनेटमध्ये घातलं तर तापून अधूनमधून लिंक सोडतं, आणि दोष टेपच्या माथी जातो.
– त्याच कार्डावर डिस्कची शेल्फ लावू नका. शेल्फमधल्या एखाद्या डिस्कसाठी कार्डाने रीसेट मारला की टेपलाही बसतो.

शेवटचा मुद्दा थोडा उलगडतो, कारण 'डिस्कला चालतं, मग टेपला का नाही' हे नेहमी विचारलं जातं. डिस्कवर प्रत्येक ब्लॉकचा पत्ता असतो, लिहिणं फसलं तर तोच ब्लॉक पुन्हा लिहिता येतो. टेपवर 'आत्ता हेड जिथे आहे तिथून पुढे' एवढंच असतं. मध्येच रीसेट झाला की हेड कुठे होतं हे सर्व्हरला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून सॉफ्टवेअर पुन्हा प्रयत्न करत नाही, सरळ जॉब फेल करतं किंवा टेप भरली असं नोंदवून मोकळं होतं. १८ टीबीची टेप ३ टीबीवर 'फुल' दिसली की आधी केबल आणि एचबीएचा लॉग बघायचा. टेप बदलणं नंतर.

केबलबद्दल. ६ गिगाबिटच्या काळातलं बाहेरचं कनेक्टर एसएफएफ-८०८८, १२ गिगाबिटचं एसएफएफ-८६४४. ८६४४ लहान आणि अरुंद असतं. ड्राइव्हच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा, कार्डाचा फोटो शेजारी ठेवा, मगच केबल सांगा. एका बाजूला ८६४४, दुसऱ्या बाजूला ८०८८ अशी केबलही मिळते. कार्डाच्या एका पोर्टमध्ये चार लेन असतात आणि एका ड्राइव्हला एकच लागते. पुढे ड्राइव्ह वाढले तर एकाचे चार करणारी फॅन-आउट केबल आहे.

लांबी २ मीटर पुरली तर २ च. ४ च्या वर जाऊ नका.

---

झोनकर

एफसीच्या बाजूने बोलतो, कारण वर दोघांनी त्याला पार मोडीत काढलंय.

एफसी वेगासाठी घेत नाहीत. घेतात दोन कारणांसाठी: एकच ड्राइव्ह किंवा लायब्ररी अनेक सर्व्हरना वापरायची असेल तेव्हा, आणि अंतर जास्त असेल तेव्हा. ओएम३ जातीच्या फायबर केबलवर ८ गिगाबिट १५० मीटरपर्यंत जातं, ओएम४ वर १९० पर्यंत. तुमचे ४० मीटर म्हणजे काहीच नाही. पण सर्व्हर एक आणि ड्राइव्ह एक असेल तर स्विचची गरज नाही. एचबीएच्या पोर्टमधून एलसी-एलसी (दोन्ही टोकांना एलसी कनेक्टर असलेली) केबल थेट ड्राइव्हला लावता येते, बहुतेक ड्राइव्ह तसे चालतात. कोटेशनमधला स्विच आधी काढायला लावा.

तरी एफसीवर जायचंच ठरलं, तर लोक जिथे आपटतात त्या जागा सांगून ठेवतो:

एचबीएचा वेग. एफसीचा पोर्ट साधारणपणे आपल्यामागच्या दोन पिढ्यांपर्यंत खाली उतरतो. १६ चा ८ आणि ४ वर येतो, ३२ चा १६ आणि ८ वर. ६४ गिगाबिटचा एसएफपी ३२ आणि १६ वर थांबतो, ८ च्या ड्राइव्हशी त्याचं जुळतच नाही. 'सगळ्यात नवं द्या' म्हणून ६४ चं कार्ड आणलं की लिंकचा दिवा लागणार नाही.

झोनिंग, म्हणजे स्विचवर कोणाला कोण दिसेल हे ठरवणं. एका झोनमध्ये एकच इनिशिएटर (कमांड देणारी बाजू, म्हणजे सर्व्हरचं एचबीए). डिस्क आणि टेप एकाच एचबीए पोर्टवर नकोत. ज्या सर्व्हरला टेपवर लिहायचंच नाही त्याला ती दिसताही कामा नये. विंडोज सर्व्हर दिसेल त्या टेपला ठरावीक काळाने 'तयार आहेस का' विचारत राहतो. दुसरा सर्व्हर टेपवर लिहीत असताना हा मध्ये टोचत राहिला की 'रिझर्व्हेशन कॉन्फ्लिक्ट'च्या नोंदींचा पाऊस पडतो.

मल्टिपाथ, म्हणजे एकाच उपकरणाकडे एकाहून जास्त वाटा. टेपसाठी बंद. डिस्कसाठी लावलेलं मल्टिपाथ सॉफ्टवेअर टेपचा ताबा घेत नाही ना, हे कॉन्फिगरेशनमध्ये बघून घ्या.

एचबीएच्या सेटिंगमध्ये 'एफसी टेप' नावाचा पर्याय असतो. तो चालू ठेवा. एखादी फ्रेम (डेटाचं पाकीट) हरवली तर कमांड सोडून न देता ती सावरायची सोय त्यात आहे. वर पोर्टपाल यांनी टेपच्या जागेबद्दल जे सांगितलं, त्याच दुखण्यावरचा हा उपाय.

आणि फायबरच्या टोकांना टोप्या घालून ठेवा. केबल मोकळी लोंबकळत ठेवून तिच्यावर एमआयडीसीची धूळ बसू द्यायची आणि मग सिग्नल कमी येतो म्हणायचं, हे नको.

---

रॅकमागचा_गुंता

सगळ्यांचे आभार. स्विच कोटेशनमधून काढायला सांगितला. पण स्टोअररूमचा आग्रह अजून आहे. १२ गिगाबिट सॅसची ऑप्टिकल केबल मिळते असं वाचलं. तिने ४० मीटर जाता येईल का?

---

उलटीगिनती

अॅक्टिव्ह ऑप्टिकल केबल मिळते आणि जाताही येतं. पण त्याआधी वरच्यांना एक विचारा: दुसऱ्या मजल्यावर न्यायचंय काय? आगीपासून, पाण्यापासून वाचवायचाय तो डेटा, आणि तो टेपमध्ये आहे. टेप हातात मावते. ड्राइव्ह सर्व्हरशेजारी राहू द्या, टेप तेवढ्या वर न्या. तुम्ही तर त्या दुसऱ्या इमारतीतच नेणार आहात, मग ड्राइव्ह वर नेऊन मिळवायचं काय?

स्टोअररूमला एसी असतो का, हेही बघा. ड्राइव्हला धूळ आणि दमट हवा सोसत नाही. एलटीओ-९ चं आणखी एक आहे. नवी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती आपल्या परिस्थितीला जुळवून घेतो, त्याला मीडिया ऑप्टिमायझेशन म्हणतात. सरासरी ४० मिनिटं, कधीकधी २ तास. ते टेपच्या आयुष्यात एकदाच होतं, म्हणून त्या आधी टेप २४ तास ड्राइव्हच्याच खोलीत ठेवायची. पावसाळ्यात कुरिअरच्या खोक्यातून काढून तशीच घालायची नाही. ऑप्टिमायझेशन चालू असताना ड्राइव्ह अडकला असं समजून वीज बंद करणारे पुष्कळ आहेत, तेही करू नका. नव्या टेप आठवड्याच्या मधल्या दिवशी एकेक करून घालून घ्या. शनिवारच्या ३६ तासांत ते काम नको.

---

पोर्टपाल

व्हर्च्युअलचं राहिलं होतं.

व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) सॅस टेप द्यायची खात्रीची वाट एकच: पूर्ण एचबीए पीसीआय पासथ्रूने त्या व्हीएमला देऊन टाकायचं. मग ती व्हीएम त्या होस्टला (ती चालवणाऱ्या फिजिकल मशीनला) बांधली जाते. व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) नाही, स्नॅपशॉट नाही, मेमरी पूर्ण राखून ठेवावी लागते. एवढं सगळं सोडल्यावर व्हर्च्युअल करून मिळवलं काय? दुसरी वाट आयस्कझीची (स्कझीच्या कमांड नेटवर्कवरून): ड्राइव्ह एका छोट्या फिजिकल मशीनला लावायचा आणि तिथून १० गिगाबिट नेटवर्कवरून द्यायचा. चालतं, पण बिघडलं की शोधायच्या जागा दुप्पट होतात.

बॅकअपचं मुख्य सॉफ्टवेअर व्हर्च्युअल करा, टेपला जोडलेला सर्व्हर फिजिकल ठेवा. बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये टेप सर्व्हर वेगळा नेमता येतो. तुमच्याकडे डिस्क त्याच फिजिकल मशीनमध्ये आहेत, तेव्हा डेटा नेटवर्कवर यायचीही गरज नाही.

---

जुनी_रिबन

एलटीओ-४ च्या टेपबद्दल. तो स्कझी ड्राइव्ह नव्या सर्व्हरला जोडत बसू नका. एलटीओ-९ ड्राइव्ह त्या टेप वाचणार नाही, तो फक्त ८ आणि ९ घेतो. पण एलटीओ-६ चा ड्राइव्ह एलटीओ-४ वाचतो, आणि ६ सॅसमध्ये मिळतो. एलटीओ-७ घेऊ नका, तो ५ पर्यंतच मागे जातो. वापरलेला एलटीओ-६ घ्या, त्याच एचबीएच्या दुसऱ्या पोर्टला लावा, ६० टेप डिस्कवर उतरवा, तिथून एलटीओ-९ वर. एलटीओ-४ ची टेप ८०० जीबीची. सगळ्या काठोकाठ भरल्या असल्या तरी ४८ टीबी, म्हणजे तीन नव्या टेप. डिस्कवर एवढी जागा नसेल तर दहा-दहाच्या गठ्ठ्याने करा. बॅकअप सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती आणि कॅटलॉग हाताशी ठेवा. टेप वाचता येणं वेगळं, आणि त्यावर काय आहे ते कळणं वेगळं.

तोवर जुना ड्राइव्ह चालवायचा असेल तर: अल्ट्रा-३२० म्हणजे एलव्हीडी (दोन तारांमधल्या फरकाने सिग्नल नेणारी जात). ६८ पिनांची साखळी, शेवटच्या टोकाला एलव्हीडीचा टर्मिनेटर (साखळीचं टोक बंद करणारा तुकडा) हवाच. त्या साखळीवर सिंगल-एंडेड (एकाच तारेवर सिग्नल नेणाऱ्या) जातीचं एखादं जुनं यंत्र असेल तर पूर्ण बस ४० एमबीवर येते. टर्मिनेटर सैल असेल तर ड्राइव्ह दिसतो, छोटी फाइल लिहितो आणि मोठ्या कामात पॅरिटी एररवर मरतो. पिना बघून घ्या, एखादी तरी वाकलेली असते.

---

रॅकमागचा_गुंता

ठरलं: हाफ-हाइट एलटीओ-९ सॅसचा, ऑटोलोडरमध्ये. ९३००-८ई, ८६४४ ची २ मीटर केबल. एलटीओ-६ वेगळा शोधतो. माल आला की लिंक खरोखर १२ गिगाबिटवर चाललीय हे कसं तपासायचं?

---

पोर्टपाल

लिनक्समध्ये सिसएफएसच्या (हार्डवेअरची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी सोय) 'सॅस फाय' फोल्डरात प्रत्येक लेनची नोंद असते. त्यात 'निगोशिएटेड लिंकरेट' नावाची फाइल वाचा. ड्राइव्हच्या लेनवर १२.० गिगाबिट दिसायला हवं. ६.० दिसलं तर केबल काढून, 'टक्' आवाज येईपर्यंत पुन्हा बसवा. तरीही ६ असेल तर केबल बदला.

शेजारीच 'इनव्हॅलिड ड्वर्ड काउंट' आणि 'लॉस ऑफ ड्वर्ड सिंक काउंट' असतात, दोन्ही लिंकवरच्या चुका मोजतात. पहिल्या दिवशी आकडे लिहून ठेवा. केबल घालताकाढताना थोडे वाढतात, ते चालतं. रात्रभर बॅकअप चालल्यावर वाढले असतील तर केबल वाईट आहे किंवा दारात चेपली गेली आहे. बॅकअप 'सक्सेसफुल' दाखवत असला तरीही.

मग दोन चाचण्या घ्या, वेगवेगळ्या कारणांसाठी. डीडीने (कच्चा डेटा लिहिणारी लिनक्सची कमांड) शून्यं लिहिली तर ड्राइव्ह ती दाबून जवळपास काहीच टेपवर टाकत नाही, त्यामुळे तो आकडा एचबीए, केबल आणि ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनचा असतो. ३०० च्या बराच वर जायला हवा. तो बघून ड्राइव्ह फार वेगवान निघाला असा अहवाल देऊ नका. दुसरी चाचणी न दाबता येणाऱ्या डेटाची: आधीच एन्क्रिप्ट केलेली ५० ते १०० जीबीची फाइल, एसएसडीवरून. ती ३०० च्या आसपास स्थिर राहायला हवी. शून्यांना वेग आहे आणि खऱ्या डेटाला नाही, तर दोष टेप, हेड किंवा डिस्ककडे. दोन्हींना नाही, तर जोडणीकडे.

ब्लॉक २५६ केबी किंवा त्याहून मोठा द्या. डीडीचा मूळ ५१२ बाइट्सचा ठेवलात तर काहीच सिद्ध होत नाही. आणि लिनक्समधलं ड्राइव्हचं नाव 'एन' ने सुरू होणारं वापरा, म्हणजे एनएसटी०. नुसतं एसटी० वापरलं तर प्रत्येक कमांडनंतर टेप सुरुवातीला जाते आणि दुसरी चाचणी पहिलीवर लिहिली जाते. चाचणीला कोरी टेप घ्या, हे सांगायला नको.

---

झोनकर

एक राहिलं. एलटीओ-६ पण जोडणार आहात, तर सॉफ्टवेअरला एनएसटी० आणि एनएसटी१ अशी नावं देऊ नका. रीबूटनंतर क्रम बदलू शकतो. 'टेप बाय-आयडी' फोल्डरातली सीरियल नंबरची नावं द्या.